गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा का जळतो?

नरकचतुर्दशीच्या पहाटे साडेपाचला माझा फोन वाजतो. दरवर्षी. घरात आठ-दहा माणसं, पाव्हणे आलेले, अभ्यंगस्नानाला एकामागोमाग एक न्हाणीत जातायत, गिझर दोन तास बंद नाही. सहाव्या माणसानं अंगाला उटणं लावलेलं असतं आणि शॉवरमधून गार पाणी येतं. बाहेर येऊन बघावं तर प्लग वितळून सॉकेटला चिकटलेला, बोर्ड काळा, घरभर वास. मग फोन, "मिस्त्री, लगेच या की!"

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर आणि खाली खानापूरपर्यंत बावीस वर्षं मी वायरिंगची कामं करतोय. पूर्वी न्हाणीत तांब्याचा बंब असायचा, नाहीतर चुलीवर हंडा. आता बंब माळ्यावर गेलाय आणि भिंतीवर तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर आलाय, थेट शॉवरला जोडलेला. २०२३ साली कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना सुरू झाली, २०० युनिटपर्यंत बिल माफ झालं, तेव्हापासून गॅसचा गिझर काढून करंटचा बसवणारी घरंही मी बघितली. गिझर नवा येतो, पण भिंतीतली वायर ट्यूबलाईट, पंखा आणि मिक्सर एवढाच विचार करून कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी ओढलेली असते.

प्लग एकदा जळला तर त्याचं मला फार वाटत नाही. बदलला आणि दोन महिन्यांत परत जळला, तिसऱ्यांदा जळला, अशी गिऱ्हाइकं जास्त आहेत, आणि त्यांच्यासाठीच हे लिहितोय. प्लग परत जळतो कारण जळलेली वस्तू बदलली जाते आणि ज्यानं जाळलं ते जागच्या जागी राहतं.

लक्षणं

पहिल्यांदा नाकाला कळतं. बोर्डाचं नाहीतर सॉकेटचं कडक प्लास्टिक तापलं की बऱ्याचदा माशासारखा वास येतो. शहापुरातल्या एका काकूंनी उंदीर मेलाय म्हणून दोन दिवस कपाटं सरकवली होती. वास कपाटामागून नव्हे, त्याच्या शेजारच्या बोर्डातून येत होता. वायरचं वेष्टण जळायला लागलं की मात्र वास बदलतो, उग्र होतो, नाकाला झोंबतो. तो वास आला तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी मेन बंद करा.

मग दिसायला लागतं. सॉकेटच्या एखाद्या भोकाभोवती पिवळट-तपकिरी कडं. प्लगची एक पिन काळपट नाहीतर निळसर, बाकीच्या पिवळ्या धमक. प्लग काढताना जाम वाटतो, किंवा उलट, इतका सैल की वायरच्या वजनानं खाली लोंबतो. पुष्कळ जणांना वाटतं उजव्या भोकात फेज म्हणून तिथंच जळणार. तसं काही नाही. न्यूट्रलमधूनही तेवढाच करंट परत जातो, त्यामुळं डावं भोक काळं झालेलं मी तितक्याच वेळा बघितलंय.

कानालाही कळतं. गिझर चालू असताना बोर्डातून बारीक चर्र असा आवाज येतो, प्लगला धक्का लागला की थांबतो. गिझरचा लाल दिवा लुकलुकतो. शेजारच्या खोलीतला बल्ब मंद होतो.

आणखी एक लक्षण लोक चुकीचं वाचतात. गिझर लावल्या लावल्या नाही, तर दहा-पंधरा मिनिटांनी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारं बटण) पडतो. हात लावला तर एमसीबीचं अंग गरम. एमसीबी खराब म्हणून तो बदलतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे १६ च्या जागी ३२ अँपिअरचा बसवतात. खरं तर बऱ्याचदा एमसीबीच्या स्क्रूखालचीच वायर सैल असते. ती तापते, ती उष्णता एमसीबीच्या आतल्या, तापली की वाकणाऱ्या पट्टीला लागते आणि करंट जास्त नसतानाही एमसीबी पडतो. तो बिचारा सांगत असतो की माझ्या पायाखाली जळतंय, आणि आपण त्याचंच तोंड बंद करतो.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडत असेल, किंवा आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारं बटण) पडत असेल, तर ते दुखणं वेगळं. तिथं बहुतेक गिझरची कॉईल फुटलेली असते किंवा कुठंतरी करंट अर्थिंगला उतरत असतो. ते या लिखाणात नाही.

"एमसीबी पडला नाही, मग जळलं कसं?"

हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला जातो, म्हणून इथं जरा थांबतो.

तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर साधारण १३ अँपिअर घेतो. एमसीबीचा स्वतःचा स्क्रू घट्ट असेल तर १६ चा एमसीबी १३ अँपिअरला पडणार नाही, पडूही नये. जोड सैल झाला म्हणून करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. एमसीबी करंट मोजतो, लांब बोर्डातल्या जोडाची उष्णता त्याला कळत नाही. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून आलेला करंट सारखा आहे का एवढंच बघतो, आणि सैल जोडात तो सारखाच असतो. म्हणजे घरात दोन्ही असले तरी हा एक दोष दोघांच्याही नजरेतून सुटतो.

मग उष्णता येते कुठून? चांगल्या जोडाचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, नगण्य असतो. स्क्रू सैल झाला, तांब्यावर काळी पुटं चढली, की तो वाढतो. समजा ०.१ ओहम झाला. १३ गुणिले १३ म्हणजे १६९, त्याला ०.१ नं गुणा, जवळजवळ १७ वॅट. आकडा छोटा वाटतो. पण रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि तिच्या टोकाला शिसं वितळतं. तसलं टोक स्क्रूएवढ्या जागेत, बंद डब्यात, भिंतीत पुरून ठेवलंय असं समजा.

यात करंटचा वर्ग आहे, ते सोडू नका. दोन किलोवॅटचा साठवणीचा गिझर साधारण ८.७ अँपिअर घेतो, त्याच सैल जोडावर साडेसात वॅट होतात, अर्ध्याहून कमी. म्हणून जुना गिझर त्याच सॉकेटवर दहा वर्षं चालला आणि नवा तीनचा दोन महिन्यांत जाळतो. लोक नव्या गिझरला शिव्या देतात. दोष जुनाच असतो, नव्यानं तो उघडा पाडला एवढंच.

आणि एकदा तापायला लागला की जोड स्वतःहून सुधारत नाही. तापला की धातू फुगतो, गार झाला की आकसतो, रोज सकाळ-संध्याकाळ. स्क्रू थोडा आणखी सैल होतो. सॉकेटच्या आतल्या पितळी पट्टीचा ताण जातो, ती पिन घट्ट धरत नाही. तांबं काळं पडतं. रोध वाढतो, आणखी तापतं.

हात लावायच्या आधी

डीबीतला, म्हणजे घरातले सगळे एमसीबी असतात त्या डब्यातला, गिझरचा एमसीबी बंद करा. बोर्ड उघडायचा असेल तर मेन स्विचही. नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून चालत नाही. पुष्कळ घरांत बटण चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं, बटण बंद तरी सॉकेटात फेज जिवंत. टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटात पेटवून बघा, मग मेन बंद करून बोर्डात लावा. न पेटणारा टेस्टर बिघडलेलाही असू शकतो. हात कोरडे, पाय कोरडे, पायात चप्पल, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की मेन कुणी चालू करायचा नाही.

प्लग सॉकेटला चिकटला असेल तर ओढाताण करू नका. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओढल्यावर अर्धी पिन आत राहते.

आता तपासणी, फुकटातल्या गोष्टींपासून

गिझरच्या अंगावरची पट्टी वाचा. किती वॅट लिहिलंय? २००० असेल तर १६ अँपिअरचा चांगला सॉकेट पुरतो. ३००० असेल तरी चालतो, पण त्यात काही शिल्लक राहत नाही, सगळं नीट पाहिजे. ४५०० असेल तर तो जवळजवळ २० अँपिअर घेणार. त्याला कुठलाही घरगुती प्लग लावायचाच नाही. १६ च्या प्लगवर साडेचार किलोवॅट लावलेला गिझर दिसला की मी बाकी काही तपासत नाही, तिथंच उत्तर मिळालं. त्याला डीबीपासून वेगळी, निदान चारची (म्हणजे चार चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी आणि ३२ अँपिअरचा डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारं बटण), मध्ये प्लग नाही. ते काम वायरमनचं.

मग प्लग कुठं लावलाय ते बघा. सहा अँपिअरच्या सॉकेटात जाड पिनांचा प्लग बसवून देणारा कन्व्हर्टर दुकानात सहज मिळतो. इस्त्रीसाठी म्हणून घेतात आणि एक दिवस गिझरला लागतो. तो काढा आणि घरात ठेवू नका, ठेवला तर परत कुणीतरी लावणार. एक्स्टेंशन बोर्डाचंही तेच. एका घरी न्हाणीजवळ सॉकेट नाही म्हणून स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन ओढलेलं होतं आणि लांबीची उरलेली वायर गुंडाळून हुकाला टांगलेली. गुंडाळी आतून वितळून एकच गोळा झालेली होती. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते.

तिसरी गोष्ट हातानं. प्लग घालताना आणि काढताना ताकद लागते का? एमसीबी बंद ठेवून प्लग दोन-तीनदा घाला-काढा. लोण्यात सुरी जावी तसा जात असेल तर सॉकेटच्या पट्ट्या गेल्या. मग गिझर पंधरा मिनिटं चालवा, गिझर आणि एमसीबी दोन्ही बंद करा आणि लगेच प्लगच्या अंगाला हाताची पाठ लावा. कोमट असणं ठीक आहे. पाच सेकंद हात ठेववत नसेल तर तो प्लग परत लावायचा नाही. पिनांना लगेच हात लावू नका, त्या अंगापेक्षा बऱ्याच जास्त गरम असतात.

इथपर्यंत एक पैसा गेला नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मी घरं इथंच सापडतात.

प्लगचं पोट

प्लग बाहेर काढलेला असला की त्यात करंट नाही, म्हणून ही उघडून बघायची सगळ्यात सुरक्षित जागा. गिझरबरोबर आलेला साच्यातला बंद प्लग उघडत नाही. तो काळा पडला असेल तर गिझर वॉरंटीत आहे का ते आधी बघा, कापून टाकला तर कंपनीचा माणूस तेच कारण पुढं करतो.

स्क्रूचा प्लग असेल तर उघडा. आत मला नेहमी दिसतात त्या गोष्टी सांगतो. भोकात मावत नाही म्हणून वायरच्या तारांतल्या पाच-सहा तारा कापून टाकलेल्या. म्हणजे दीडची वायर तेवढ्या जागेत दीडहून बारीक झाली. वायरचं वेष्टण कमी सोलल्यामुळं स्क्रू तांब्यावर नव्हे तर प्लास्टिकवर आवळलेला. वरून घट्ट लागतो, तापला की प्लास्टिक मऊ होतं आणि स्क्रू सुटतो. किंवा वायर धरून ठेवणारी पट्टीच नाही, त्यामुळं वायरचा सगळा ताण स्क्रूवर.

तारा पिळून, टोकावर शिसं लावून कडक करायची एक पद्धत आहे. सुरुवातीला मीही करायचो, मोठ्या अभिमानानं. दिसायला काम एकदम सुबक. सहा महिन्यांनी त्यातलीच दोन घरं परत बोलवायला लागली. शिसं मऊ, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, आणि जोड सैल. तेव्हापासून बंद केलं. बारीक तारांच्या वायरला क्रिम्पिंगच्या पक्कडीनं थिंबल (टोकावरची धातूची छोटी टोपी) दाबायचं आणि मग स्क्रूखाली घ्यायचं. ती पक्कड नसेल तर नुसत्या तारा नीट पिळून दुमडून घातलेल्या शिशापेक्षा बऱ्या.

प्लग बदलायचा ठरला तर आयएसआय खुणेचा १६ अँपिअरचा घ्या आणि त्याच दिवशी सॉकेटही बदला. हे वाक्य मी गिऱ्हाइकाला तीनदा सांगतो. भाजलेला प्लग नव्या सॉकेटला खराब करतो, सैल सॉकेट नव्या प्लगला जाळतो. एकेक करून बदलणारा माणूस दोन्ही गोष्टी दोन-दोनदा विकत घेतो.

बोर्डाच्या आत

इथून पुढं पेचकस धरायची सवय नसेल तर थांबा. लाज वाटायचं कारण नाही. बोर्ड उघडणं म्हणजे चार स्क्रू काढणं एवढंच, पण आतली वायर जुनी असेल तर हलवल्यावर तुटते, आणि मग मेन चालू करताना काय कुठं लागेल सांगता येत नाही.

सवय असेल तर मेन बंद, टेस्टर लावून खात्री, आणि प्लेट पुढं ओढा.

वडगावात एक घर आहे, एका भिंतीला न्हाणी, पलीकडं कापड विणायचा माग. तिथं एका हिवाळ्यात तीन सॉकेट जळले. दोनदा दुसऱ्या वायरमननं बदलले, तिसऱ्यांदा मला बोलवलं. घरमालक वैतागलेले, "बदलून बदलून दमलो बघा, आता गिझरच इकतो आणि बंब काढतो माळ्यावरनं!" डीबीपासून चारची वायर आलेली, चांगली तांब्याची. एमसीबी बरोबर. सॉकेट नवा, आयएसआयचा. सगळं ठीक आणि तरी जळतंय. प्लेट उलटी केली तेव्हा दिसलं. बटणापासून सॉकेटपर्यंतचा वीतभर तुकडा, ज्याला आम्ही जंपर म्हणतो, तो एकच्या वायरचा. सगळा करंट चारच्या वायरमधून यायचा आणि शेवटच्या वीतभरात एकच्या वायरमधून जायचा. तुकडा दोन्ही टोकांना कडक झालेला, वेष्टण बोट लावलं की भुगा. दोनदा सॉकेट बदलणाऱ्यानं तोच जंपर परत जोडलेला. आणि मागाच्या हादऱ्यानं स्क्रूही सैल होत होता, त्या भिंतीवरच्या दुसऱ्या बोर्डातले स्क्रूसुद्धा अर्धा-अर्धा फेरा फिरले.

म्हणून बोर्डात पहिल्यांदा जंपर बघा. बाहेरून येणाऱ्या वायरीएवढाच जाड हवा. मग बटण बघा, ते १६ अँपिअरचंच आहे ना? पुष्कळदा सॉकेट १६ चा आणि शेजारी दिव्याचं सहा अँपिअरचं बटण.

मग वायरचं टोक. काळं पडलं असेल, कडक झालं असेल, तर ते पुसून किंवा घासून परत लावायचं नाही. मागं कापत जा, आत लालसर चकचकीत तांबं आणि मऊ वेष्टण लागेपर्यंत. जळालेलं तांबं ठिसूळ असतं, त्यावरची काळी पुटं करंट नीट जाऊ देत नाहीत. नव्या सॉकेटात काळं टोक म्हणजे पहिल्या दिवसापासून तापणारा जोड. कापून वायर आखूड पडली तर ओढून-ताणून पुरवू नका आणि बोर्डात टेप गुंडाळून जोडही देऊ नका. नवी वायर ओढायची वेळ आली, ते काम वायरमनचं.

स्क्रू किती आवळायचा? घट्ट, पण जीव खाऊन नाही. पितळेची आटी लवकर झिजते. आटी गेलेला स्क्रू हाताला घट्ट वाटतो आणि वायर मात्र हलते. आवळल्यावर प्रत्येक वायर हळूच ओढून बघा. अर्थिंगची हिरवी वायर सगळ्यात शेवटी राहते आणि नेमकी तीच लोक विसरतात. न्हाणीत पाण्यात उभ्या माणसाचा जीव तिच्यावर असतो.

पावसाळ्याबद्दल एक जोडतो. खानापूर, जांबोटीकडं भिंती चार महिने ओल्याच असतात. तिथं बोर्डातल्या लोखंडी स्क्रूंना गंज आणि तांब्याला हिरवट थर चढतो. अशा घरात सॉकेट जळालेला नसला तरी दिवाळीच्या आधी एकदा उघडून बघावा.

इथं थांबायचं

पुढच्या सगळ्या गोष्टी मी स्वतः करतो, पण तुम्ही करू नका.

डीबीच्या आतलं. एमसीबीचा खालचा स्क्रू आणि न्यूट्रलची पितळी पट्टी या दोन्ही जागा मी गिझरच्या तक्रारीत नेहमी तपासतो. पण सगळे एमसीबी बंद केले तरी डीबीत मेनच्या आधीची वायर जिवंत असते. तिथं बोट लागलं तर काही अडवणारं नाही.

घरातल्या एखाद्या सॉकेटात दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल तर बऱ्याचदा न्यूट्रल कुठंतरी तुटलेला असतो. एका फेजचं घर असेल तर वस्तू नुसत्या बंद पडतील. तीन फेज घेतलेलं घर असेल आणि न्यूट्रल मुळाशीच जळाला असेल तर काही खोल्यांत व्होल्टेज खूप वाढतं, टीव्ही-फ्रिज जातात. मेन बंद आणि फोन, एवढंच करा.

जुन्या घरात लाकडी पट्टीवरचं वायरिंग असेल, वायर सोलल्यावर आत तांब्याऐवजी पांढरी तार दिसली, तर ती ॲल्युमिनियमची. ती दाबाखाली सरकते, हवेत तिच्यावर डोळ्यांना न दिसणारा थर लगेच चढतो, आणि तांब्याशी पिळून जोडली तर ओलाव्यात जोड सडतो. अशा वायरीवर गिझर चालवायचाच नाही. न्हाणीपुरती तरी तांब्याची नवी लाईन ओढून घ्या. सगळं घर करायला पैसे नसतील तर हे एक करा, बाकी पुढच्या वर्षी.

गिझरच्या आतलं. थर्मोस्टॅटच्या आणि कॉईलच्या टोकांवर दाबून बसवलेले लग (वायरच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) असतात, ते सैल होऊन जळतात. बोअरच्या पाण्याच्या गावांत कॉईलवर चुन्याचा थर बसतो. त्यानं करंट वाढत नाही, पण कॉईल जास्त तापते. हे काम गिझर कंपनीच्या माणसाकडून किंवा जाणत्याकडून करून घ्या.

नळाला, शॉवरला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर त्या दिवशी कुणीही आंघोळ करायची नाही. मेन बंद, गिझर बंद, चर्चा नाही.

आणि मीटरकडची बाजू. मीटरच्या डब्यात वायर काळी दिसली, खांबावरून येणारी वायर तडतडत असेल, तर ते वीज कंपनीचं. सील तोडू नका. आपल्याकडं हेस्कॉम, चंदगडच्या बाजूला महावितरण, दोन्हीकडं तक्रारीचा नंबर १९१२. बिल हातात असेल तर मंजूर लोड किती किलोवॅट आहे तेही बघा. एक किलोवॅट मंजूर आणि तीनचा गिझर, असं असेल तर तो वाढवून घ्यायला लागेल.

बोलावलेल्या वायरमनला एक विचारा: "गिझर चालू आणि बंद असताना सॉकेटावर व्होल्टेज मोजणार का?" तीन किलोवॅटचा गिझर, पंधरा मीटर अंतर, अडीचची तांब्याची वायर, एवढ्यात साधारण तीन व्होल्ट पडतात. चारची असेल तर दोनच्याही आत. मीटरजवळ २२८ आणि सॉकेटवर गिझर चालू असताना २१५ दिसत असतील तर मधे कुठंतरी जोड जळतोय, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसत नसला तरी आहे. टोंग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) लावून करंट बघणं आणि व्होल्टेज मोजणं, दहा मिनिटांचं काम. सॉकेट बदलून "झालं" म्हणून पैसे मागणाऱ्याला हे करायला सांगा. करत नसेल तर दुसरा बघा.

परत सुरू करताना

सगळं जोडल्यावर लगेच आंघोळीला जाऊ नका. नळ चालू ठेवून गिझर वीस मिनिटं चालवा, बोर्डाजवळ उभं राहा, नाक आणि कान उघडे. मग गिझर आणि एमसीबी बंद करून प्लगला आणि प्लेटला हाताची पाठ लावा. नवा तांब्याचा जोड सुरुवातीला थोडा बसतो, त्यामुळं महिन्याभरानं मेन बंद करून स्क्रू एकदा परत बघायचे.

तीन किलोवॅटच्या गिझरला प्लगच नको असं मला आता वाटायला लागलंय. कंपनीची हरकत नसेल आणि वायर चांगली असेल तर मी थेट डीपी स्विचवर जोडतो. प्लग-सॉकेट नाही म्हणजे तापणारे दोन जोड कमी, आणि डीपी स्विच फेज-न्यूट्रल दोन्ही तोडतो. खर्च सॉकेटपेक्षा थोडासाच जास्त. काही जण एसी बॉक्स (एसीसाठीचा प्लग, सॉकेट आणि एमसीबी एकत्र असलेला डबा) मागतात, तोही चालतो, फक्त त्याच्या आतला प्लगसुद्धा सैल होऊ शकतो हे लक्षात ठेवा.

वडगावच्या त्या घरात मी डीपी स्विच लावला, जंपरची भानगडच ठेवली नाही, आणि बोर्ड मागाच्या भिंतीवरून काढून बाजूच्या भिंतीवर घेतला. प्लेटच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं तारीख लिहिली. आता दर नवरात्रात ते घरमालक स्वतःच फोन करतात, स्क्रू बघून जा म्हणतात. मागच्या खेपेला उघडलं तर एकही हलला नव्हता. बंब अजून माळ्यावरच आहे.